पाने वाचणारी माणसं

मुलांनो, शीर्षक वाचून तुम्हाला वाटलं असेल, ही पुस्तकाची पानं वाचणाऱ्या कुणाची तरी गोष्ट असणार. तसं नाही बरं का! इथे 'ती पानं' नाहीत, 'ते पाने' आहेत. नट-बोल्ट आवळायचे आणि सोडवायचे लोखंडी पाने. सायकलच्या दुकानात काका हाताखालच्या पोऱ्याला ओरडून सांगतात ना, "अरे, तो बारा-तेराचा दे रे!" तोच पाना.

आता तुम्ही म्हणाल, पान्यात वाचण्यासारखं काय असतं? आकडा असतो, कंपनीचं नाव असतं, झालं! पण अमेरिकेत अशी पुष्कळ माणसं आहेत, जी शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींचे जुने पाने गोळा करतात. त्यांचे क्लबसुद्धा आहेत. 'मिसुरी व्हॅली रेंच क्लब' हा त्यातला एक. हातात पाना आला की ही माणसं तो उलटसुलट करून भिंगातून बघतात आणि एकच प्रश्न विचारतात. दोन पाने अगदी जुळ्या भावांसारखे आहेत, पण एकाचा दांडा वाकडा आहे, किंवा एकाचं तोंड जरा रुंद आहे, किंवा एकावर एक बारीकशी खूण जास्त आहे. हा फरक कुणी केला? ज्या कारखान्यात पाना बनला त्या कारखान्याने, की ज्याने तो विकत घेऊन वापरला त्या मालकाने?

प्रश्न साधा वाटतो, पण याच उत्तरावर पान्याचं मोल ठरतं. कारखान्यानेच केलेला वेगळा नमुना असेल, तर संग्राहक त्यासाठी चांगले पैसे मोजतात. मालकाने घरी केलेला बदल असेल, तर किंमत बहुधा उतरते. त्यामुळे फसवाफसवीही चालते. म्हणून ही विद्या नीट शिकावी लागते, आणि तुमच्यासारख्या चौकस मुलांना ती सहज जमेल.

दीड कोटी गाड्या आणि त्यांची हत्यारं

हे सगळं समजायला आपल्याला अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराकडे जायला हवं. १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी 'मॉडेल टी' नावाची मोटार बाजारात आणली. १९१३ साली त्यांच्या हायलँड पार्क इथल्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायची पद्धत सुरू झाली आणि गाड्या धडाधड बाहेर पडू लागल्या. १९२७ साली हे मॉडेल बंद झालं, तोवर दीड कोटीहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या!

गाड्या झाल्या, पण गॅरेजं कुठे होती? खेडोपाडी राहणाऱ्या शेतकऱ्याची गाडी चिखलाच्या रस्त्यात बंद पडली, तर ती दुरुस्त कोण करणार? त्याची त्यानेच करायची. म्हणून गाडीबरोबर हत्यारांचा छोटासा संच मिळत असे. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाने. त्यांवर फोर्डचं नाव वळणदार अक्षरांत असायचं. आजही फोर्डच्या गाड्यांवर जवळजवळ तसंच अक्षर दिसतं.

आता गंमत ऐका. यातली पुष्कळ हत्यारं फोर्ड दुसऱ्या कारखान्यांकडून करून घेत असे. एकाच कामाचा पाना चार ठिकाणी बनला, तर चौघांचे साचे थोडे थोडे वेगळे होणारच. कुणाचं 'फोर्ड' हे अक्षर जाड, कुणाचं बारीक. कुणाचा दांडा सपाट, कुणाचा मधे खोलगट. हे सगळे फरक कारखान्याचे. मालकाने यात काहीही केलेलं नाही.

नवखा माणूस इथेच चकतो. आणखी एके ठिकाणी तो हमखास चकतो, तेही सांगते. मॉडेल टीच्या एका प्रसिद्ध पान्यावर 'टी-१९१७' असं उमटवलेलं असतं. स्पार्क प्लग आणि इंजिनाच्या डोक्यावरचे बोल्ट काढायचा हा पाना. लोक म्हणतात, "वा! हा १९१७ सालचा!" पण ते साल नाहीच. तो त्या वस्तूचा क्रमांक आहे, तुमचा हजेरीपटावरचा नंबर असतो ना, तसा. हा पाना १९१७ नंतर बनलेला असला, तरी त्यावर १९१७च असणार.

मोदकाचा साचा

पाना वाचायचा तर तो बनतो कसा, हे आधी ठाऊक पाहिजे. गणपतीत तुमच्या घरी साच्यातले मोदक करतात? साच्याचे दोन भाग असतात. त्यात पीठ दाबलं की जास्तीचं पीठ दोन भागांच्या फटीतून बाहेर येतं. आई ते बोटाने काढून टाकते, तरी मोदकावर एक बारीकशी रेघ राहतेच. पाना असाच बनतो. पोलादाचा लालभडक तापवलेला तुकडा साच्याच्या खालच्या भागावर ठेवायचा, आणि वरचा भाग बसवलेला प्रचंड हातोडा उंचावरून त्यावर आदळायचा. पोलाद साच्यात भरतं, जास्तीचं कडेने बाहेर येतं, ते कापून टाकतात. याला 'ड्रॉप फोर्जिंग' म्हणतात. अमेरिकेत या कामात नाव कमावलेला एक कारखाना म्हणजे हार्टफर्ड शहरातला 'बिलिंग्स अँड स्पेन्सर'. त्याची खूण त्रिकोणात 'बी' हे अक्षर. ब्रुकलिनच्या 'विल्यम्स' कारखान्याची खूण चौकटच्या आकारात 'डब्ल्यू'.

दांड्याच्या कडेने बोट फिरवलं, की मोदकासारखीच ती जोडाची रेघ पुष्कळ पान्यांवर लागते. कधी ती घासून गुळगुळीत केलेली असते. पण साच्यातच कोरलेली अक्षरं पान्यावर उठावाने येतात, फुगीर दिसतात. मालकाला घरी बसून अशी फुगीर अक्षरं काढता येणं जवळजवळ अशक्य! म्हणून उठावाची अक्षरं म्हणजे कारखान्याची सही समजा.

साचेही झिजतात. हजारो घाव सोसल्यावर अक्षरांच्या कडा बोथट होतात. मग कारागीर साचा पुन्हा कोरतो. त्यात एखादं अक्षर जरा तिरकं होतं, एखादा टिंब राहून जातो. दोन पान्यांच्या अक्षरांत असा फरक दिसला, तर तो साच्याचा.

खोदल्यासारखी, आत गेलेली अक्षरं मात्र दोघांचीही असू शकतात. कारखाना ठसा ठोकतो, मालकही ठोकतो. मग ओळखायचं कसं? तुमच्या आजीची पितळी भांडी आठवा. प्रत्येक भांड्यावर बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि शिवाय आजीचं किंवा पणजीचं नाव टिंबाटिंबांनी घातलेलं असतं. शिक्का सरळ, घट्ट, प्रत्येक भांड्यावर सारखाच. नाव मात्र हाताने घातलेलं, जरा वर-खाली. पान्याचंही तसंच. कारखान्याचा शब्द सहसा एका ठशात, एका ओळीत, सारख्या खोलीचा उमटतो. मालक एकेक अक्षराचा पंच घेऊन ठोकतो, म्हणून एक अक्षर खोल, दुसरं उथळ, तिसरं कललेलं. वर्कशॉपात दहा माणसांची हत्यारं एकत्र होतात. तिथे आपला पाना ओळखता यावा म्हणून कुणी नावाची आद्याक्षरं घालतो, कुणी कानशीने दोन खाचा पाडतो, कुणी लाल रंगाचा पट्टा ओढतो.

पण थांबा! खाच दिसली की मालकाची, असा नियम करून टाकू नका. फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या एका पान्याच्या दांड्यावर ओळीने रेघा असतात. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हे चाळे केलेत. प्रत्यक्षात त्या इंचाच्या खुणा आहेत! नट फिरवायचं हत्यार तेच आणि नांगराची मापं घ्यायची पट्टीही तीच. शेतात दुसरी पट्टी कोण घेऊन जाणार? माझ्या मते हा सगळ्या पान्यांतला सगळ्यात हुशार पाना. आणि 'स्नॅप-ऑन' ही १९२० साली सुरू झालेली कंपनी आपल्या पान्यांवर सालाची एक छोटीशी खूण ठोकत आली आहे. दरवर्षी तिचा आकार बदलतो. दोन सारख्या पान्यांवर वेगवेगळी बारीक चिन्हं दिसली की अनोळखी माणूस बुचकळ्यात पडतो.

चार सुतांचा पाना, तोंड सात सुतांचं!

आता थोडं गणित. घाबरू नका, अपूर्णांकांचंच आहे.

आपल्याकडचे जुने मिस्त्री इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत' म्हणतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत. समजा, तुम्हाला एक जुना अमेरिकन पाना मिळाला. त्यावर लिहिलंय १/२. तुम्ही पट्टी घेऊन त्याचं तोंड मोजलंत, तर ते भरलं ७/८ इंच, म्हणजे सात सूत! लगेच तुम्ही म्हणाल, "नक्कीच मालकाने कानशीने घासून तोंड मोठं केलंय."

चूक! पाना जसाच्या तसा आहे. त्या काळी पान्यावर तोंडाचं माप न लिहिता बोल्टच्या जाडीचं माप लिहीत. फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली अमेरिकेतल्या नट-बोल्टांसाठी एक पद्धत सुचवली होती. बोल्टच्या जाडीची दीडपट करा, त्यात १/८ इंच मिळवा, की नटाची रुंदी मिळते. करून पाहा. अर्ध्याची दीडपट पाऊण इंच, म्हणजे सहा सूत. त्यात एक सूत मिळवलं की सात! आता ३/८ इंचाच्या बोल्टचं तुम्ही करा. उत्तर ११/१६ इंच यायला हवं.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली याआधीच आपली पद्धत मांडली होती. त्या पद्धतीच्या पान्यांवरही बोल्टचीच जाडी असते. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच भरतं.

पुढे मोटारी आल्या. मोटारीला हलके, बारीक आट्यांचे बोल्ट हवेत. मग अमेरिकेत त्यांच्यासाठी वेगळं प्रमाण ठरलं आणि अर्ध्या इंची बोल्टचं डोकं ७/८ ऐवजी ३/४ इंचाचं झालं. झाली पंचाईत! शेतकऱ्याच्या घरी गाडा-नांगराचे जुने पाने, आणि दारात नवी मोटार. काही पाने ढिले होऊ लागले, काही बसेचनात. म्हणूनच त्या काळच्या पान्यांवर मालकांनी कानस चालवलेली पुष्कळदा दिसते.

अशी कानस चाललीय का, हे तोंडाच्या आत बघून कळतं. कारखान्यात तोंड यंत्राने कापतात. आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना अगदी समांतर असतात आणि यंत्राच्या रेघा एकाच दिशेने जातात. हाताने घासलेलं तोंड पुढे रुंद आणि मागे अरुंद होतं, मधे फुगवटा राहतो, रेघा आडव्यातिडव्या जातात. आणि माप? ते कुठल्याच ठरावीक अपूर्णांकात बसत नाही.

वाकडं म्हणजे बिघडलेलं?

तुमच्या घरात साधा पाना असेल तर बघा, त्याचं तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसतं. थोडं कललेलं असतं, बहुतेक वेळा १५ अंशांनी. हे का, ते शोधायला पुठ्ठ्याचा एक षटकोन कापा आणि दुसऱ्या पुठ्ठ्यातून त्यावर बसेल असा पाना कापा. मी हा प्रयोग वर्गात करून घेते, तेव्हा मुलं आधी पुठ्ठ्याचे पाने घेऊन तलवारबाजी करतात, मग कोन मोजतात!

षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. सरळ तोंडाचा पाना असेल तर तो दरवेळी ६० अंश फिरवायला जागा लागते. गाडीत एवढी जागा मिळत नाही. पण तोंड १५ अंश कललेलं असेल, तर एकदा फिरवायचं, पाना उलटा करायचा, पुन्हा लावायचा. आता ३० अंशांत काम होतं. जुन्या काळी चौकोनी नटही पुष्कळ असत. चौकोन ९० अंशांनी जुळतो, म्हणून त्यांच्या पान्यांना साडेबावीस अंशांचा कल देत. म्हणजे ४५ अंशांत काम! तेव्हा नुसता कोन मोजूनही जाणकाराला कळतं, हा पाना कुठल्या नटासाठी केला होता.

मॉडेल टीच्या पोटात तर काही नट अशा अडचणीच्या जागी होते, की सरळ पाना तिथवर पोचतच नसे. त्यांच्यासाठी कारखान्यांनी मुद्दाम इंग्रजी 'एस'सारखे, कोयत्यासारखे, चंद्रकोरीसारखे पाने बनवले. त्यामुळे वाकडा पाना दिसला, की तो कुणीतरी वाकवलाय असं म्हणून चालत नाही.

पण ज्याला असा खास पाना विकत घेणं परवडत नव्हतं, तो काय करायचा? तो आपला साधा पाना लोहाराच्या भट्टीत लाल करायचा आणि ऐरणीवर ठोकून वाकवायचा. असा वाकवलेला पाना नीट पाहिला की सगळं सांगतो. बाहेरच्या बाजूला धातू ताणून पातळ झालेला असतो, आतल्या बाजूला दाबून फुगलेला. वाकणावर हातोड्याचे चपटे डाग असतात. दांड्यावरची अक्षरं ताणली जातात, एखादं फुटतं. कारखान्यातून वाकडा आलेला पाना मात्र अंगाने सगळीकडे सारखा असतो आणि त्याची अक्षरं जागच्या जागी असतात. भट्टीत तापवलेल्या पान्याचा कठीणपणाही कमी होतो, कारण कारखान्याने पाणी देऊन त्याला जो टणकपणा आणलेला असतो, तो पुन्हा तापवल्याने उतरतो. म्हणून अशा पान्याचं तोंड पुढे पसरलेलं आढळतं.

दांड्याच्या टोकाला भोक असेल तरी असाच विचार करायचा. काही पान्यांना टांगायचं भोक कारखान्यातूनच असायचं. ते मधोमध असतं, कडा गुळगुळीत असतात. मालकाने पाडलेलं भोक एका बाजूला सरकलेलं असतं आणि कधी कधी कंपनीच्या नावाचं एखादं अक्षरच खाऊन टाकतं. कुठला कारखाना स्वतःच्याच नावात भोक पाडेल, सांगा पाहू?

मुलामा आणि मंगळवार

जुने पाने काळे असत, पुढे निकेलचा मुलामा आला, नंतर क्रोमचा. या मुलाम्यावरून एक पक्का पुरावा मिळतो. कुणी पान्याचं डोकं घासून पातळ केलंय, किंवा दांडा आखूड केलाय. त्या घासलेल्या जागेवरही अखंड मुलामा असेल, तर घासण्याचं काम मुलाम्याच्या आधी झालं, म्हणजे कारखान्यात झालं. मुलामा कडेला तुटलेला असेल आणि आतलं पोलाद उघडं पडलं असेल, तर घासणं नंतरचं. अर्थात मालकाने सगळ्याच पान्याला नंतर नवा मुलामा दिला असेल तर? तेही कळतं. घासून गुळगुळीत केल्याशिवाय मुलामा देत नाहीत, म्हणून अशा पान्याच्या कडा आणि अक्षरं गोलसर, बुळबुळीत दिसतात.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका १९४१च्या डिसेंबरात उतरली. क्रोमियम युद्धाच्या कामासाठी हवं होतं, म्हणून त्या काळात पुष्कळ पाने क्रोमशिवायच बाजारात आले. तेव्हा बिनमुलाम्याचा पाना दिसला तर तो कुणी खरवडला असंच समजू नये. अक्षरांच्या खोबणीत बघावं. मुलामा खरवडला असेल तर तिथे थोडी तरी चकाकी शिल्लक राहते.

कधी कधी नुसतं नावच बदलतं. लॉस एंजेलिसमध्ये १९०७ साली सुरू झालेली 'प्लॉम्ब' नावाची कंपनी होती. तिकडे फिलाडेल्फियात हातोडे बनवणारी 'प्लम्ब' नावाची दुसरीच कंपनी. नावं इतकी सारखी की प्रकरण कोर्टात गेलं! शेवटी प्लॉम्बने माघार घेतली आणि १९४८च्या सुमारास आपल्या हत्यारांवर 'प्रोटो' हे नाव घालायला सुरुवात केली. पाना तोच, नाव वेगळं. आता ही दोन भावंडं शेजारी ठेवली, की संग्राहक खूश.

आणि मंगळवारची गोष्ट तर मला फारच आवडते. नवी कल्पना काढणाऱ्याला सरकार पेटंट देतं, म्हणजे काही वर्षं ती कल्पना दुसऱ्या कुणी वापरायची नाही. जुन्या पान्यांवर आधी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं असायचं, पेटंट मिळाल्यावर त्याची तारीख यायची. हाही कारखान्याचाच फरक, आणि त्यावरून दोघांतला थोरला कोण तेही कळतं. पण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेटंट फक्त मंगळवारी दिली जातात! म्हणजे पान्यावरची तारीख मंगळवारी येत नसेल, तर एखादा आकडा झिजलाय, चुकलाय किंवा तुम्ही तो नीट वाचला नाही. जॅक जॉन्सन हा हेवीवेटचा जगज्जेता झालेला पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. त्यानेही पान्यात एक सुधारणा करून पेटंट मिळवलं होतं. तारीख १८ एप्रिल १९२२. वार काढून पाहा. (सरकत्या जबड्याच्या पान्याला इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात ते याच्यामुळे, अशी एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. तो शब्द जॉन्सनच्या जन्माच्याही आधीपासून छापलेला सापडतो.)

एकासारखा दुसरा

एवढं सगळं पाहूनही कोडं सुटलं नाही तर? मग संग्राहक एकच गोष्ट करतात. तसाच दुसरा पाना शोधतात. एक पाना ओहायोत मिळाला, दांडा दोन बोटं आखूड. तेवढाच आखूड, तसाच घासलेला दुसरा टेक्साससारख्या दूरच्या ठिकाणी मिळाला, तिसरा आणखी कुठे. तीन अनोळखी माणसांनी आपापल्या घरी हुबेहूब तोच बदल करणं कठीण आहे. म्हणजे तो कारखान्याचा. कंपन्यांच्या जुन्या किंमतपुस्तिका मिळाल्या, तर त्यात क्रमांक, लांबी आणि तोंडाचं माप दिलेलं असतं, तेही ताडून बघता येतं. अमेरिकेतली जुनी पेटंटं आता संगणकावर घरबसल्या पाहायला मिळतात.

पण जगात तसा दुसरा सापडलाच नाही तर? तो मालकाचा असेल, किंवा कारखान्याने करून पाहिलेला एकुलता एक नमुनाही असेल. अशा वेळी प्रामाणिक संग्राहक आपल्या वहीत लिहून ठेवतो, 'ठरवता येत नाही.' विकणाऱ्याला हे वाक्य आवडत नाही. त्याला 'दुर्मिळ नमुना' असं लिहायचं असतं! काही जण याहून वाईट करतात. मालकाची आद्याक्षरं ग्राइंडरवर घासून काढतात, खाचा भरतात, पाना चकचकीत करतात. गिऱ्हाईक खूश होतं, पण त्याबरोबर यंत्राच्या रेघा, मुलाम्याचे तुकडे, जोडाची रेघ, सगळा पुरावाच जातो.

मला स्वतःला विचाराल, तर मालकाने बदललेला पाना मला जास्त आवडतो. संग्राहक नाकं मुरडतात, मुरडोत. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. लाखो लोकांचे रोजगार गेले. नवा पाना घ्यायला पैसे नाहीत, गाडी तर चालू राहिली पाहिजे. अशा वेळी कुणी दोन मोडके पाने जोडून एक केला, कुणी दांड्याला पाइपाचा तुकडा जोडून जोर वाढवला. कारखान्याच्या किंमतपुस्तिकेत ही माणसं कुठेच नाहीत. ती फक्त त्या जोडावर आहेत. आपल्या गॅरेजातले मिस्त्रीही हेच करतात की! त्यांच्या पेटीत पाहा, एखादा तरी पाना 'खास त्या एका बोल्टसाठी' घासलेला, वाकवलेला सापडेल, आणि तो ते कुणाला उसना देत नाहीत.

तसे जुने पाने आपल्याकडेही पोचले आहेत बरं. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. फोर्डच्या गाड्याही मुंबईत जोडल्या जात. गाड्या आल्या तशी त्यांची हत्यारंही आली. गाड्या कधीच भंगारात गेल्या, पण पाने सहजासहजी मरत नाहीत! मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगात इंची मापाचा एखादा काळा पाना अजून दिसतो.

तुम्हालाही करून पाहायचं असेल, तर आईबाबांना विचारून, ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडून एखादा जुना पाना थोडा वेळ मागून आणा. गंजलेला असेल तर रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने मोठ्या माणसाकडून पुसून घ्या. वाळूचा कागद, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांना हात लावू नका. मग नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना, तसा पान्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कागदावर उमटतात. कागदाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा. पान्याची लांबी, तोंडाचं माप आणि तोंडाचा कोन. पान्यावर लिहिलेला आकडा आणि तुम्ही मोजलेलं माप जुळत नसेल, तर वरचं सेलर्स यांचं गणित एकदा करून बघा. आणि काकांना विचारा, हा वाकडा कुणी केला? बहुतेक ते हसून सांगतील. लिहून घ्या, आणि पाना त्याच दिवशी परत द्या. संध्याकाळी त्यांना तो लागणार असतो.